विश्लेषण : दिसते गवताची, असते प्लास्टिकची, उन्हाळ्यात टिकणारी हॅट कशी ओळखाल?

मार्च सरत आला की नागपूरच्या सीताबर्डीतील पदपथांवर, पुण्याच्या तुळशीबागेत, माथेरानच्या बाजारात आणि कळंगुटच्या किनाऱ्यावर रुंद काठाच्या, गव्हाळ रंगाच्या हॅट टांगलेल्या दिसू लागतात. ‘गवताची आहे, हवा खेळती राहते’ असे विक्रेता सांगतो. प्रत्यक्षात त्यातील बऱ्याच हॅट गवताच्या नसतात. काही कागदाच्या असतात, काही प्लास्टिकच्या. वरून पाहता तिन्ही सारख्याच दिसतात. फरक कळतो तो वळवाचा पहिला पाऊस पडल्यावर किंवा पुढच्या वर्षी हॅट माळ्यावरून खाली काढल्यावर. फरक केवळ पैशांचा नाही. ज्यांना दिवसाचे सहा-आठ तास उन्हातच काढावे लागतात, त्यांच्या कातडीचा आणि डोळ्यांचा प्रश्न त्यात आहे.

‘गवताची हॅट’ नेमकी कशाची?

खऱ्या अर्थाने वनस्पतीपासून बनणाऱ्या हॅटमध्ये सर्वात नावाजलेली ‘पनामा’. तिचा जन्म पनामात नव्हे, इक्वाडोरमध्ये झाला. तिथल्या टोकिया नावाच्या झाडाच्या पानांचे बारीक धागे काढून ती हाताने विणली जाते. पनामा कालव्याच्या कामावर आणि त्या वाटेने जाणाऱ्यांच्या डोक्यावर ती जगभर पोहोचली आणि १९०६ मध्ये कालव्याची पाहणी करायला गेलेल्या अमेरिकेच्या अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या छायाचित्रांमुळे नावही ‘पनामा’च रूढ झाले. २०१२ मध्ये युनेस्कोने या विणकामाला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. दुसरा परिचित प्रकार राफियाचा. तो मादागास्करमधील ताडाच्या पानांपासून होतो. दोन्ही महाग, आणि आपल्या पदपथावर सहसा न मिळणाऱ्या.

बाजारातील स्वस्त ‘गवत’ म्हणजे बहुधा पिळलेला कागद. कागदाची अरुंद पट्टी पीळ देऊन दोऱ्यासारखी करतात, तिच्यावर लेप चढवतात आणि त्यातून हॅट विणतात. जपानी कागदापासून सुरू झालेल्या या प्रकाराला ‘टोयो’ म्हणतात. तो हलका असतो, रंगही छान घेतो. पण घाम आणि पाणी यांच्याशी त्याचे जमत नाही.

तिसरा प्रकार कृत्रिम गवताचा. यात मुख्यतः पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे खताची पांढरी गोणी ज्याची असते तेच प्लास्टिक, आणि काही वेळा पॉलिस्टर वापरतात. वितळलेले प्लास्टिक बारीक फटीतून ओढून पट्ट्या काढायच्या, त्यांच्या वेण्या घालायच्या आणि माथ्याच्या मध्यापासून गोल गोल फिरवत त्या वेण्या एकमेकींना शिवत काठापर्यंत यायचे, ही त्याची पद्धत. पॉलिप्रॉपिलीन पाणी जवळजवळ शोषतच नाही. त्याची घनता पाण्यापेक्षा कमी, साधारण ०.९, असल्याने हॅट अंगावर जड होत नाही आणि नदीत पडली तरी तरंगते. बुरशी लागत नाही. टिकाऊपणाच्या दृष्टीने कागदापेक्षा हे उजवेच. मात्र ‘प्लास्टिक आहे म्हणजे टिकणारच’ हा समज उन्हाच्या बाबतीत खोटा ठरतो.

दुकानात ओळखायचे कसे?

हॅटच्या आतल्या बाजूचे लेबल आधी पाहावे. त्यावर ‘पेपर’, ‘पेपर स्ट्रॉ’, ‘पॉलिप्रॉपिलीन’, ‘पीपी’, ‘पॉलिस्टर’ यापैकी काहीतरी लिहिलेले सापडू शकते. ‘नॅचरल’ हा शब्द लेबलावर असेल तर तो कशाविषयी आहे हेही पाहावे. अनेकदा ते फक्त रंगाचे नाव असते.

लेबल नसेल तर बोटांवर भरवसा ठेवावा. काठाच्या आतल्या बाजूला एखादे सुटे टोक असतेच. ते नखाने उलट्या दिशेने पिळले आणि त्याची घडी उलगडून चपटी पट्टी झाली, ती सहज फाटली, तर तो कागद. पट्टी न उलगडता ताणली गेली किंवा लांबीच्या दिशेने उभी चिरली तर ते पॉलिप्रॉपिलीन. सुतळीऐवजी मिळणारी प्लास्टिकची दोरी चिरते तशीच. ओल्या बोटाचा एक थेंब काठाखाली लावूनही कळते. कागदावर डाग गडद होऊन पसरतो, प्लास्टिकवर थेंब तसाच बसून राहतो. अर्थात कागदावर लेप जाड असेल तर थेंब थोडा वेळ फसवू शकतो.

घरी आल्यावर शंका उरलीच तर सुटा तुकडा चिमट्यात धरून पेटवून पाहता येतो. कागद कागदासारखा जळून राख होतो. पॉलिप्रॉपिलीन आक्रसते, वितळते आणि विझवल्यावर मेणबत्तीसारखा वास येतो. हा प्रयोग दुकानात करू नये हे वेगळे सांगायला नको.

प्लास्टिक उन्हात फुटते का?

याचे उत्तर गावाकडच्या प्रत्येक घराने पाहिलेले आहे. सिमेंटची किंवा खताची रिकामी गोणी छपरावर, कुडावर टाकली की एखाद्या उन्हाळ्यात तिचे धागे सुटतात, हात लावला की चुरा होतो. गोणी पॉलिप्रॉपिलीनची असते आणि ती एकदा वापरण्यासाठीच केलेली असते. उन्हात वर्षभर पडून राहावी अशी तिची तयारीच नसते.

पॉलिप्रॉपिलीनच्या लांबलचक साखळीत ठरावीक अंतराने अशा जागा असतात, जिथला हायड्रोजनचा अणू तुलनेने सैल धरलेला असतो. सूर्याची अतिनील किरणे आणि हवेतील प्राणवायू मिळून त्या जागीच घाव घालतात. साखळी तुटते, तुटताना निर्माण होणारे तुकडे शेजारच्या साखळीवर हल्ला करतात. उष्णता वाढली की हा खेळ अधिक वेगाने चालतो. आधी चकाकी जाते, मग पृष्ठभाग खडूसारखा होतो, शेवटी वाकवले की तुकडा पडतो. जुन्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसताना जो पांढरट भुगा कपड्याला लागतो, तो याच प्रक्रियेचा.

यावर उपायही जुनाच आहे. प्लास्टिक वितळवतानाच त्यात किरणांचा मारा थोपवणारी रसायने, म्हणजे ‘यूव्ही स्टॅबिलायझर’, अल्प प्रमाणात मिसळतात. हरितगृहाचा कागद किंवा शेडनेट विकत घेताना शेतकरी ‘यूव्ही आहे ना?’ असे विचारतो ते यासाठीच. दुसरा उपाय काजळीचा. ठिबकच्या नळ्या आणि छतावरच्या कित्येक पाण्याच्या टाक्या काळ्या असतात, कारण त्यातील काजळी किरणे स्वतःकडे घेते आणि प्लास्टिकचे आयुष्य वाढवते. हॅटला मात्र काळा रंग परवडत नाही. ती डोक्यावरच तापते. म्हणून फिकट रंगाच्या हॅटमध्ये स्टॅबिलायझर असणे जास्त महत्त्वाचे.

अडचण अशी, की तो आहे की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. शेडनेट विकणारा निदान हमी सांगतो. हॅट विकणाऱ्याला प्रश्नच नवा असतो. अशा वेळी उत्पादकाचे नाव, घटकांचे लेबल आणि ‘यूव्ही स्टॅबिलाइज्ड’ असा उल्लेख असलेली हॅट निनावी हॅटपेक्षा बरी, इतकेच म्हणता येते. दुकानात दोरीला टांगून महिनोन्‌महिने उन्हात राहिलेला नग घेऊ नये. त्याचे निम्मे आयुष्य विकले जाण्यापूर्वीच संपलेले असू शकते.

‘यूपीएफ ५०+’ म्हणजे हॅट टिकाऊ का?

नाही. हा गोंधळ सर्रास होतो. स्टॅबिलायझर हॅटला उन्हापासून वाचवतो. यूपीएफ हा आकडा हॅट माणसाला किती वाचवते ते सांगतो. यूपीएफ ५० म्हणजे पडलेल्या अतिनील किरणांचा पन्नासावा भाग, म्हणजे २ टक्के, आरपार जातो. यूपीएफ १५ असेल तर पंधरावा भाग, म्हणजे साडेसहा टक्क्यांहून जास्त. या मोजमापाचे प्रमाण प्रथम ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडने १९९६ मध्ये ठरवले. त्वचेच्या कर्करोगाने त्रस्त असलेल्या ऑस्ट्रेलियात सदरा चढवा, मलम लावा, टोपी घाला असे सांगणारी मोहीम १९८१ पासूनच सुरू होती.

विणीतून उजेड किती येतो हे पाहायला मोबाइलचा टॉर्च पुरतो. हॅट उलटी धरून माथ्याच्या आत टॉर्च लावावा. बाहेरून चांदण्यासारखे असंख्य ठिपके दिसले तर त्या प्रत्येक भोकातून ऊनही येणार. किनाऱ्यावर मिळणाऱ्या जाळीदार हॅट छायाचित्रात सुरेख दिसतात, पण नाकावर आणि गालावर पडणारी ती नक्षीदार सावली म्हणजे अर्धे ऊनच. मात्र ही चाचणी हॅट नाकारण्यासाठी आहे, पास करण्यासाठी नाही. कारण उजेड अडला म्हणजे अतिनील किरणे अडलीच असे नसते. पातळ, पारदर्शकाकडे झुकणाऱ्या पॉलिप्रॉपिलीनमधून ही किरणे बऱ्यापैकी निसटतात. पॉलिस्टर त्यातील अधिक दाहक किरणे मुळातच शोषून घेते. म्हणून पॉलिप्रॉपिलीनची वेणी घट्ट, दोन पदर एकमेकांवर चढलेली असावी. माथ्याला आतून कापडी अस्तर असेल तर उत्तम, विशेषतः केस विरळ असणाऱ्यांसाठी.

मग हवा कुठून येणार? ती भोके माथ्याच्या बाजूंना, कानांच्या वरच्या पट्ट्यात असावीत. माथ्याच्या वर आणि काठावर विण बंद हवी. सगळीकडून बंद असलेली प्लास्टिकची हॅट विदर्भाच्या दुपारी डोक्यावर भगुणे पालथे घातल्यासारखी वाटते आणि माणूस ती अर्ध्या तासात काढून हातात धरतो. न घातलेल्या हॅटचा यूपीएफ शून्य.

काठ किती रुंद हवा?

ऑस्ट्रेलियातील कॅन्सर कौन्सिलची शिफारस मोठ्यांसाठी किमान साडेसात सेंटिमीटर रुंदीची आहे. मोजायला पट्टी नसेल तर चार बोटे जुळवून काठावर आडवी ठेवावीत. साधारण तेवढीच रुंदी येते. क्रिकेटच्या टोपीला पुढेच छज्जा असतो, कान आणि मान उघडी राहतात. गांधी टोपीला तर काठच नाही. पंच मैदानात रुंद काठाची हॅट घालून उभे राहतात ते उगाच नाही.

मे महिन्यात महाराष्ट्रात दक्षिणेकडून उत्तरेकडे एकेका गावी ‘शून्य सावली’चा दिवस येतो. सूर्य बरोबर डोक्यावर असल्याने त्या दिवसांत भर दुपारी काठाची सावली चेहरा, मान आणि खांद्यांचाही काही भाग झाकते. सकाळी नऊ आणि दुपारी चारच्या तिरप्या उन्हात तीच हॅट तोकडी पडते. शिवाय ऊन खालूनही येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार कोरडी वाळू सुमारे १५ टक्के, तर समुद्राचा फेस सुमारे २५ टक्के अतिनील किरणे परावर्तित करतो. गोव्याच्या किनाऱ्यावर हॅट घालूनही हनुवटी भाजते ती यामुळे. काठाची खालची बाजू गडद रंगाची असेल तर खालून येणारी चकाकी डोळ्यांत कमी जाते. वरून फिकट, खालून गडद हिरवा किंवा निळा अशी हॅट दिसली तर ती आधी पाहावी.

शिलाई, पट्टी आणि तार

हॅट बहुतेकदा पट्टीमुळे नव्हे, दोऱ्यामुळे जाते. वेण्या एकाच दोऱ्याच्या साखळी टाक्याने शिवलेल्या असतील तर एक टाका तुटला की धान्याच्या पोत्याचे तोंड उघडावे तशी हॅट सरसर उसवते. माथ्याच्या मध्यबिंदूपाशी, जिथून वेणी सुरू होते, आणि काठाच्या शेवटी, जिथे ती संपते, तिथे दुहेरी शिलाई किंवा गाठ आहे का ते पाहावे. दोरा पॉलिस्टरचा असावा. घाम आणि ऊन यांत सुती दोरा लवकर कुजतो. एखादा टाका सुटल्याचे वेळीच दिसले तर चांभाराकडून चार टाके घालून घेतल्यास हॅट वाचते.

आतली घामाची पट्टी कापडी आणि जाड असावी. रेक्झिनची पट्टी पहिल्या महिन्यात गुळगुळीत असते, नंतर तडकून कपाळ ओरबाडते. पट्टी काढून धुता आली तर सोन्याहून पिवळे. काठाच्या कडेला तार असेल तर ती लोखंडी आहे का विचारावे. गंजून ती वेणी कापते. प्लास्टिकची जाड तार वाकवली तरी पुन्हा आकारात येते. माप घेताना भुवईच्या एक बोट वरून, डोक्याच्या मागच्या फुगीर भागावरून टेप फिरवावी. मोठ्यांचे माप साधारण ५४ ते ६० सेंटिमीटरमध्ये येते. घट्ट हॅट कपाळ दुखवते, सैल हॅट वाऱ्याने उडते. हनुवटीखाली बांधायचा बंद असेल तर शेतात आणि समुद्रावर त्याचा उपयोग होतो. दुचाकीवर मात्र हॅट पिशवीत आणि डोक्यावर हेल्मेट.

हॅट घातली की ऊन लागत नाही?

हा सर्वात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर नकारार्थी आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे उघड्या मैदानावर झालेल्या महाराष्ट्र भूषण पुरस्कार सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी पारा चाळिशीच्या आतच होता. किनारपट्टीची दमट हवा, तासन्‌तास उन्हात बसणे आणि पाण्याची कमतरता असेल तर तापमानाचा आकडा लहान असूनही धोका मोठा होतो. हॅट वरून येणारे ऊन अडवते. हवेतील उष्मा, दमटपणा आणि शरीरातील पाण्याची तूट यांवर तिचा इलाज चालत नाही. उष्णतेच्या लाटेत दुपारी १२ ते ३ या वेळेत उन्हात जाणे टाळा, तहान नसली तरी पाणी प्या, या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या सूचनांच्या जागी हॅट उभी राहू शकत नाही. हवामान खाते सांगते ते तापमानही सावलीतले असते, हे इथे लक्षात ठेवायला हवे.

ज्यांना वेळ निवडण्याची मुभा नाही, त्यांचे काय? गडचिरोली-गोंदियात तेंदूपाने तोडणारे, नाशिककडे कांदा काढणाऱ्या बाया, रस्त्यावरचे मजूर, चौकातले वाहतूक पोलीस. विदर्भात यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा सोबती म्हणजे दुपट्टा. तो ओला करून गुंडाळला की पाण्याची वाफ होताना डोके थंड होते, जे कोणत्याही प्लास्टिकच्या हॅटला जमणार नाही. पण पातळ पांढरे सुती कापड ओले झाले की अतिनील किरणे अडवण्याची त्याची मूळचीच बेताची ताकद आणखी घटते. म्हणून दोन्हींची जोडी चांगली : आत ओला दुपट्टा, मान आणि कान झाकणारा, वर पाण्याने न बिघडणारी, रुंद काठाची हॅट. कागदाची हॅट इथे दोन दिवसही टिकणार नाही. कृत्रिम गवताचा खरा फायदा असेल तर तो या माणसांना आहे. मजुरांसाठी हॅट घेणाऱ्या कंत्राटदारांनी आणि ग्रामपंचायतींनी फुकटच्या जाहिरातीच्या टोप्यांऐवजी यावर पैसे घालणे अधिक शहाणपणाचे.

जपायची कशी?

पॉलिप्रॉपिलीन १६० अंशांच्या पुढे वितळते, त्यामुळे ते उन्हाने वितळत नाही. पण बंद मोटारीच्या काचेखाली ठेवलेल्या वस्तू एवढ्या तापतात, की हॅट मऊ पडते आणि वर पिशवी ठेवली असेल तर काठ तसाच वाकडा होऊन बसतो. वाकडा झालाच तर वाफेवर धरून, हाताने आकार देऊन थंड होऊ द्यावा. इस्त्री फिरवू नये. उचलताना माथ्याला चिमटा काढून उचलण्याची सवय अनेकांना असते. वेणी आधी तिथेच चिरते. काठाला धरून उचलावी. आठवड्यातून एकदा साध्या पाण्याने आणि सौम्य साबणाने घामाचा क्षार पुसून सावलीत वाळवावी. ठेवताना काठावर नाही, माथ्यावर उलटी ठेवावी, म्हणजे काठ सपाट होत नाही. घडी घालता येईल असे लेबलावर म्हटले नसेल तर ती पिशवीत दुमडून कोंबू नये.

प्लास्टिकचा कचरा म्हणून या हॅटवर होणारी टीका चुकीची नाही. फुटू लागलेल्या पट्टीचे कण मातीत आणि पाण्यात जातात, आणि दोरा, अस्तर, तार यांच्या मिश्रणामुळे भंगारवालाही ती घेत नाही. दरवर्षी एक स्वस्त हॅट फेकण्यापेक्षा तीन-चार वर्षे चालणारी एक घेणे म्हणूनच बरे. मे संपताना काठाच्या आतले एखादे सुटे टोक बोटाने दोनदा वाकवून पाहावे. ते लवचिक असेल तर हॅट धुऊन, कोरड्या पिशवीत घालून माळ्यावर ठेवावी. कडकन तुटले किंवा बोटाला पांढरी भुकटी लागली, तर तिचे उन्हाळे संपले आहेत.